चित्र जाईपर्यंत गप्प बसा

सुहासिनीला एकच चित्र पाठवायचं होतं. एकच, पण अखंड. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत कुठेही न फाटलेलं, आणि कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत तिची कॉलसाइन असलेलं. शाळेतून निवृत्त व्हायला थोडे दिवस उरले असताना तिने सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. परवान्याबरोबर कॉलसाइन म्हणून जी चार-पाच अक्षरं आणि एक आकडा मिळाला, त्यात ना माहेरचं आडनाव होतं ना सासरचं. आयुष्यात असं काही तिला पहिल्यांदाच मिळालं होतं.

चित्र साधंच होतं. अष्टमी गावाहून रोह्याला जाणारा पूल, खाली कुंडलिकेचं उतरलेलं पाणी, चिखलात उभे बगळे आणि पुलावर मधोमध थांबलेली लाल एसटी. शाळेत जाताना एका सकाळी तिनेच काढलेला फोटो.

हे चित्र मोबाइलच्या नेटवर्कवरून जाणार नव्हतं, ते रेडिओवरून जाणार होतं. फोनमधलं एक ॲप फोटोचा आवाज करतं. चिरका, किणकिणता, सारखा वर-खाली होणारा सूर निघतो. हातात मावणारा सेट त्या फोनच्या तोंडाशी धरायचा आणि बटण दाबून ठेवायचं. सूर डोंगरावरच्या रिपीटरवर, म्हणजे आवाज झेलून पुढे फेकणाऱ्या यंत्रावर, जातो आणि तिथून रोहा, नागोठणे, पेण, जिथे जिथे सेट चालू असतील तिथे उतरतो. पलीकडचा माणूस आपला फोन आपल्या सेटच्या तोंडाशी धरतो, आणि दोरीवर टाकलेली साडी कुणी हळूहळू खाली सोडावी तसं त्याच्या पडद्यावर रेघेरेघेने चित्र उतरत जातं. दोनेक मिनिटं लागतात. अडचण एवढीच, की त्या दोन मिनिटांत खोलीत दुसरा कुठलाही आवाज झाला तर तोही चित्रात पडतो. कुकरची शिट्टी झाली की हिरवा पट्टा. कुणी बोललं की रंगांचा चिवडा. खोकला म्हणजे मिरी सांडल्यासारखे ठिपके.

हे सगळं सुहासिनीला परवाना मिळण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. ते सगळे पट्टे तिच्याच घरातले होते.

तिचे यजमान गोपाळकृष्ण हे रोह्यातले जुने हौशी रेडिओवाले. धाटावच्या एका कंपनीत उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. माणूस सज्जन, व्यसन कसलं नाही, कुणाशी वाकडं नाही. बायकोला नोकरी करू दिली, असं त्यांच्या घरचे लोक अजून कौतुकाने सांगतात. संध्याकाळी कंपनीतून आले की हातपाय धुऊन ते पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसत. आधी संगणक होता, पुढे मोबाइल आला, पण रीत तीच. सेट उभा करायचा, त्याच्या तोंडाशी यंत्र ठेवायचं आणि घराकडे न बघता म्हणायचं, “चित्र जाईपर्यंत गप्प बसा.”

घर गप्प बसायचं.

सुहासिनीने कुकर लावणं सोडून पातेल्यात भात शिजवायला सुरुवात केली. मिक्सर सकाळीच उरकायची. दिवसभर वर्गात चाळीस पोरांच्या वर आवाज चढवून आलेली ती, घरात शिरताना चपलासुद्धा हातात घेऊन शिरायची. मुलगा विराज लहानपणी चवड्यांवर चालायचा. शेजारच्या सगुणाकाकूंना वाटलं, पोराच्या पायात काही दोष आहे, म्हणून त्यांनी तेलाची बाटली आणून दिली. तेव्हा सगळे हसले होते. गोपाळकृष्णही हसले होते.

आणि सासूबाई. त्यांना दमा होता. खोकला काही सांगून येत नाही, आणि आला की लवकर जात नाही. म्हणून सुहासिनी संध्याकाळी त्यांना हाताला धरून मागच्या परसात नेऊन बसवायची. थंडीत अंगावर शाल घालायची. केळीच्या बुंध्याशी खुर्ची टाकून त्या बसायच्या आणि मोकळेपणी खोकायच्या. “झालं का गं त्याचं?” असं मधूनमधून हळूच विचारायच्या. “व्हायचंय हो,” ही म्हणायची. सासूबाई गेल्या त्यालाही आता सहा-सात वर्षं झाली.

तक्रार तिने कधी केली नव्हती. विज्ञानच आहे ते, तिला वाटायचं. आवाज झाला तर चित्र बिघडतं, त्याला कोण काय करणार? रविवारी संध्याकाळी त्यांच्या रेडिओ मंडळाची चित्रफेरी असते. एकेक सभासद आपापल्या पाळीला एकेक चित्र सोडतो आणि बाकीचे ते झेलतात. इतरांची चित्रं बहुतेक वेळा स्वच्छ यायची. तिला वाटायचं, त्यांच्या घरच्या बायका आपल्यापेक्षा गुणी असतील.

मग तीही परीक्षेला बसली. मुळात हौस म्हणून नाही. ज्याच्यासाठी इतकी वर्षं गप्प बसलो ते आहे तरी काय, हे तिला बघायचं होतं. आणि बघितलं तर ते तिला भारी आवडलं. हातातल्या एवढ्याशा सेटमधून नागोठण्याचा माणूस बोलतो; कुणी खोपोलीहून आपल्या दारची जास्वंद पाठवतो; आणि ती जास्वंद पडद्यावर अर्धी उतरलेली असताना उरलेली अर्धी अजून डोंगरावरून येत असते. पोरांना कविता शिकवतानाही इतकं नवल तिला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या रविवारी तिची पाळी आली. तिने सेट हातात धरला, बटण दाबलं, फोन गाऊ लागला. आभाळ गेलं, पुलाचा वरचा कठडा गेला.

“अगं, सरळ धर,” गोपाळकृष्ण म्हणाले. “थोडा तिरका कर. तिरका म्हणजे इकडे. हां. बोट नको काढू.”

तिने डोळ्यांनी खुणावलं. त्यांनी हातानेच, चालू दे, अशी खूण केली आणि पुन्हा बोलले, “घाबरू नको, मी आहे ना.”

पलीकडे चित्र उतरलं तेव्हा एसटीच्या जागी लाल-निळा चिवडा होता. चित्रफेरी चालवतात ते हैबतराव. पेणचे, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आवाज असा की रिपीटर नसता तरी रोह्याला ऐकू आला असता. फेरीत ते सगळ्यांना कॉलसाइनने पुकारतात, तशी रीतच आहे. हिला म्हणाले, “वहिनी, चित्र आलं, पण फोडणी जास्त झाली!” चार जण बटणं दाबून हसले.

दुसऱ्या रविवारी तिने आधीच सांगून ठेवलं, “अहो, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं काही बोलू नका.”

“मी कशाला बोलतोय?” ते म्हणाले.

आणि बोललेही नाहीत. म्हणजे तिच्याशी बोलले नाहीत. चित्र निम्म्यावर गेलं असताना त्यांचा फोन वाजला, कंपनीतल्या जुन्या सोबत्याचा, आणि तिथेच टेबलाशी उभं राहून त्यांनी तो घेतला. “हां, बोल रे काळुराम! नाही, नाही, मोकळाच आहे.” त्याच्या घरच्या लग्नाला कोण येणार, गाडी कुठून निघणार, सगळं ठरलं. सुहासिनी बटण दाबून तशीच उभी होती. तिच्या अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं.

बगळ्यांच्या जागी काळुरामचं वऱ्हाड उमटलं.

“गोपाळराव,” हैबतराव म्हणाले, “वहिनींचा हात थरथरतोय बहुतेक. मला काय वाटतं, त्यांची वेगळी पाळी कशाला ठेवायची? फेरी लांबते. तुमच्यातच धरू त्यांना. पुढच्या रविवारी बघू हवं तर एकदा, नाहीतर मग तसंच करू.”

सुहासिनी उत्तर द्यायला बटण दाबणार, तोच गोपाळकृष्णांनी तिच्या हातातून सेट काढून घेतला. ओढून वगैरे नाही. हळूच, पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा. आणि म्हणाले, “हो हो, हैबतराव. शिकतेय अजून.”

त्या रात्री ती नीट जेवली नाही. तिचा हात थरथरत नव्हता. पस्तीस वर्षं फळ्यावर सरळ ओळी लिहिणारा हात होता तो. थरथरलं असेल तर दुसरंच काही.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. फेरीतली निशिगंधा म्हणून एक मुलगी तिला आधीपासून बोलवत होती, “ताई, पेनला या कवातरी, आमचा कारखाना दाखवते.” सुहासिनीने एसटी पकडली.

निशिगंधा गणपतींच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. डोळे शेवटी काढायचे असतात. तोवर रंगरंगोटी झालेले गणपतीही रांगेने आंधळे उभे असतात. सुहासिनीला वाटलं होतं, इतक्या नाजूक कामाची जागा देवळासारखी शांत असेल. आत पाऊल टाकलं तर कानठळ्या बसल्या. रंगाच्या फवाऱ्याचा कंप्रेसर धडधडत होता, कुणीतरी पॉलिश पेपर घासत होतं, दोन मोबाइलवर दोन वेगळी गाणी चालू होती आणि कारखान्याचे मालक दाजी फोनवर कुणाला तरी झापत होते. या सगळ्याच्या मधोमध निशिगंधा मांडी घालून बसली होती. डाव्या हाताने मूर्तीची सोंड धरून उजव्या हाताने एका ओघात बुबुळाची कड काढत होती. हात जराही हलत नव्हता.

“बसा ताई. रंभे, ताईंना चा सांग गो. आनी तुजा तो फोन बंद कर, डोकं उठलं माजं.”

“तुजं डोकं कंप्रेसरनं नाय उठत, माज्या गान्यानंच उठतं व्हय?” पलीकडे दागिन्यांवर सोनेरी रंग चढवणारी रंभा म्हणाली आणि गाणं आणखी वाढवून चहा सांगायला गेली.

निशिगंधा हसली. तिच्या बाजूला रंगाच्या डब्यांत रेडिओचा सेट उभा होता आणि त्याला तिचा फोन टेकवून ठेवला होता. तेवढ्यात फोनच्या पडद्यावर हालचाल झाली. खोपोलीचा कुणी दुपारचा मोकळा वेळ साधून चित्र सोडत होता. सुहासिनी सवयीने गप्प झाली. श्वाससुद्धा तिने रोखला.

कंप्रेसर धडधडत होता. दाजी ओरडत होते. आणि पडद्यावर आंब्याचं एक झाड, पान न् पान स्वच्छ, रेघेरेघेने खाली उतरत होतं.

चित्र पुरं झालं. कुठे पट्टा नाही, ठिपका नाही.

“हे कसं आलं?” सुहासिनीने विचारलं.

“कसं म्हंजे?”

“इतक्या आवाजात?”

निशिगंधाने कुंचला पाण्यात बुडवला आणि सेट तिच्यासमोर धरला. सेटमधून एक काळी बारीक वायर निघून फोनमध्ये शिरली होती. वीतभर लांब. मध्ये एका जागी जरा जाड, चिकटपट्टी गुंडाळलेली. “वायर हाय ना. आवाज यातून यातच जातो. बाहेरचं काय पडत नाय. जुन्या इयरफोनची केलीय मी. पाठवायला पन हीच.”

परीक्षेच्या पुस्तकात ओहमचा नियम होता, अँटेनाची लांबी होती, कायदे होते. ही वायर नव्हती. सुहासिनीने ती बोटांत धरली. मऊ होती, जरा चिकट. तिला वाटलं, ही नवी काहीतरी युक्ती निघाली असणार. आजकाल रोज काय काय निघतं. बिचाऱ्या गोपाळकृष्णांना माहीतही नसेल. घरी जाऊन दाखवलं की केवढे खूष होतील! तिने तसं म्हटलंही. “यांना दाखवायला हवी. यांना ठाऊक नसेल.”

निशिगंधा तिच्याकडे बघतच राहिली. थट्टा चाललीय की काय, तिला कळेना.

“ताई, त्यांनीच तर शिकवली.”

“कुणी?”

“तुमच्या मिस्टरांनी. आमचा नव्या लोकांचा वर्ग घेतला नव्हता का त्यांनी इकडं पेनला, तवा. पह्यल्याच दिशी. म्हन्ले, वायर करायला शिका, वायर नसली तर घरच्या मान्सांना गप्प बसवावं लागतं, आनी तो त्यांच्यावर अन्याय हाय. बरोबर असंच म्हन्ले. मला ध्यानात ऱ्हायलं, कारन आमी हसलो होतो. कारखान्यात गप कोन बसनार?”

त्या वर्गाला जाताना चिवड्याचा मोठा डबा सुहासिनीनेच करून दिला होता. तेव्हा सासूबाई होत्या.

चहा आला. तिने तो घेतला. निशिगंधाने काय ओळखायचं ते ओळखलं असावं. डब्यातून तसलीच दुसरी वायर काढून सुहासिनीच्या पिशवीत घातली आणि पुन्हा पुढच्या मूर्तीकडे वळली. “ताई, रविवारी चित्र पाठवाच तुमी,” एवढंच म्हणाली. “हैबतरावांचं काय मनावर घेऊ नका. माजं नावसुदा तीन म्हयने चिमनी ठेवलं होतं त्यांनी.”

एसटी वडखळच्या नाक्यावर बराच वेळ रखडली. ट्रकांचे कर्णे वाजत होते, शेजारची बाई मोबाइलवर भांडत होती, खिडकीची काच खडखडत होती. सुहासिनीला काही ऐकू येत नव्हतं. तिला परसातली खुर्ची दिसत होती, केळीचा बुंधा, आणि शालीत गुंडाळलेली हाडकुळी पाठ. झालं का गं त्याचं? तिला आधी रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. त्याऐवजी छातीत काहीतरी तापत गेलं आणि नागोठणं येईपर्यंत ते इतकं तापलं, की कंडक्टरने सुटे मागितले तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली आणि मग त्याची माफी मागितली.

गोपाळकृष्ण ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. “दमलीस?” त्यांनी विचारलं. “चहा ठेवू का?”

हे असंच असायचं. चहा ठेवू का म्हणणारा माणूस. अशा माणसावर चिडायचं म्हणजे आपलंच काही चुकतंय असं वाटायचं.

तिने पिशवीतून वायर काढली आणि शेंगांच्या ताटात टाकली.

त्यांनी ती बघितली. ओळखली. आणि ओळखली हे लपवता आलं नाही त्यांना. “निशिगंधाची दिसते,” ते म्हणाले. “बरी करते पोरगी. कथलाचा डाग जरा जाड दिलाय.”

“तुम्ही शिकवलीत.”

“हो, वर्गात... ते आपलं नव्या लोकांना सोपं जावं म्हणून.”

“घरात का नाही केली?”

त्यांनी एक शेंग उचलली, फोडली नाही. “वायरने मजा जाते सुहास. चित्र नुसतं येतं. तो सूर ऐकायला हवा. सूर ऐकता ऐकता कळतं, आता आभाळ चाललंय, आता झाड. तुला आता कळत असेल.”

“सूर तुम्ही ऐकायचा. आणि आम्ही?”

“दोन मिनिटांचा तर प्रश्न असायचा.”

“दोन मिनिटांचा?” तिचा आवाज वर्गातला झाला. समोरच्या घरात कुणीतरी खिडकीशी आलं. “विराज चवड्यांवर चालायचा या घरात. मी माझ्या घरात चपला हातात घेऊन शिरत होते. चोर शिरतो तशी! आई परसात बसायच्या, गोपाळराव. थंडीत. मी नेऊन बसवत होते त्यांना, माझ्या हाताने, कारण मला वाटायचं, इलाज नाही. आणि इलाज तुमच्या हातात होता.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्यांना नावाने कधी हाक मारली नव्हती. नाव ऐकून ते ओट्यावर जरा मागे सरकले.

“आईचं मला...” ते म्हणाले आणि थांबले. मग शेंगांकडे बघत, “कंपनीत दिवसभर मशिनींचा आवाज असायचा. घरी आलं की घर असं एकदम शांत व्हायचं. बरं वाटायचं मला. एवढंच. दुसरं काही नव्हतं मनात.”

“मग तसं सांगायचं. म्हणायचं, दमून आलोय, जरा शांत बसा. बसलो असतो की आम्ही. पण तुम्ही माणूस म्हणून मागितलं नाहीत. सेटच्या नावाखाली घेतलंत.”

“तूही कधी बोलली नाहीस. तेव्हाच बोलायचंस.”

“कधी? बोललं की चित्रात पट्टा पडायचा!”

ताट उचलून ते आत गेले. त्या घरात त्या संध्याकाळी पहिल्यांदाच असं झालं, की कुणी काही पाठवत नव्हतं आणि तरी सगळं गप्प होतं.

शनिवारी सकाळी टेबलावर एक नवी वायर दिसली. सुरेख केलेली. डाग बारीक, जोडावर काळी नळी नीट चढवलेली, दोन्ही टोकांना चांगल्या पिना. रात्री कधीतरी उठून केली असणार. वायरीखाली चिठ्ठी वगैरे काही नव्हती. गोपाळकृष्ण आंघोळीला गेले होते आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आतच होते.

सुहासिनीने ती वायर बघितली. क्षणभर वाईट वाटलं तिला. मग आणखी राग आला, कारण एका रात्रीचं काम होतं ते. एका रात्रीचं!

रविवार उजाडला. संध्याकाळी ती शाळेत नेसते तसली इस्त्रीची साडी नेसून टेबलाशी बसली. हैबतरावांचा आवाज आला, एकेकाला पुकारू लागला. गोपाळकृष्णांनी आपलं चित्र तिच्यानंतर सोडायचं ठरवलं होतं. त्यांनी होऊन वायर उचलली आणि तिच्यापुढे केली.

“लाव ना. स्वच्छ जाईल. कुणाचा आवाजच पडणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“आज वायर नको,” सुहासिनी म्हणाली. “चित्र जाईपर्यंत गप्प बसा.”

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तिने सेट फोनच्या तोंडाशी धरून बटण दाबलं होतं आणि सूर सुरू झाला होता.

आभाळ गेलं. कठडा गेला.

त्यांच्या फोनचा पडदा उजळला. घंटा वाजायच्या आत त्यांनी झडप घालून तो पोटाशी दाबला आणि बंद केला. मग फाटकाशी स्कूटर थांबली आणि “गोपाळराव, आहात का?” अशी काळुरामची हाक आली. गोपाळकृष्ण अनवाणी बाहेर धावले. खिडकीतून तिला दिसत होतं, ओठांवर बोट ठेवून ते काळुरामला दोन्ही हातांनी मागे लोटत होते आणि काळुराम घरात कुणी आजारी आहे की काय अशा चेहऱ्याने बघत होता. ते आत आले ते भिंतीच्या कडेकडेने. बसले. त्यांना खोकला आला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्यांनी तो गिळला आणि मग गिळवेना तेव्हा मागचं दार हळूच उघडून परसात गेले. दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

सुहासिनीचं सगळं लक्ष फोनवर होतं, पण तिची नजर एकदा त्या दाराकडे गेलीच. एसटी गेली. पाणी गेलं. बगळे गेले. खालच्या कोपऱ्यात पिवळी अक्षरं गेली. सूर थांबला. तिने अंगठा उचलला.

थोडा वेळ नुसती खरखर.

“वा!” हैबतराव. “वा वा! एकदम स्वच्छ. बगळ्यांची चोचसुद्धा दिसते. गोपाळराव, शेवटी तुम्हीच पाठवलंत ना? वहिनींना म्हणावं, बघून शिका.”

कुणीतरी हसलं. मग निशिगंधाचा आवाज आला, मागे कंप्रेसर धडधडत होता, “कोपऱ्यात कुनाची कॉलसाइन हाय ती वाचा की जरा.”

सुहासिनीने बटण दाबलं. घाई केली नाही. आधी आपली कॉलसाइन सांगितली, एकेक अक्षर सुटं करून, पोरांना शुद्धलेखन घालावं तशी. “हे स्टेशन माझं आहे. चालवणारी सुहासिनी. चित्र मी काढलं, मी पाठवलं. वहिनी मी घरी आहे, फेरीत मला कॉलसाइनने पुकारायचं. यापुढे माझी पाळी वेगळी राहील. गोपाळकृष्ण इथेच आहेत, पण ते आत्ता बोलू शकत नाहीत. ओव्हर.”

मग हैबतराव खाकरले आणि त्यांनी तिला तिच्या कॉलसाइनने पुकारलं. एक अक्षर चुकलं त्यांचं. तिने ते सुधारलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी बरोबर.

मागचं दार उघडलं. गोपाळकृष्ण दारात उभे होते, चेहरा लाल, डोळे ओले. ते खोकल्यामुळे की आणखी कशामुळे ते तिने विचारलं नाही. काहीतरी सांगायचं होतं त्यांना. ओठ हलले.

“सुहास, आई...”

सेटमधून नागोठण्याच्या सभासदाचा सूर सुरू झाला होता, आणि तिच्या फोनवर कुणाच्या तरी अंगणाची पहिली रेघ उमटत होती. ते चित्रही तिला अखंड हवं होतं. तिने त्यांच्याकडे न बघता हात वर केला. ते थांबले.

फेरीत अजून पाच जण उरले होते.